डाव्या हाताचं थांबणं

रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तिला सगळे कुलूपबाई म्हणत, आणि ते काही उगाच नाही. तिच्या कात्रीला साखळी, खणाला कुलूप, डब्याच्या पिशवीलासुद्धा कुलूप. दर शनिवारी आठवड्याचे रिपोर्ट दाबून एका फाईलमध्ये बसवायचे, त्या गाठोड्याला पासवर्ड लावायचा आणि प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, हे काम तिचं. लॅबचा पासवर्ड डॉक्टरांनाही ठाऊक असे. घरचा मात्र तिने स्वतः घडवला होता. त्यात शब्द नाही, नाव नाही, तारीख नाही. कीबोर्डवर दोन्ही हातांनी एक लांबलचक ठेका धरायचा, बस. बोटांत मुरेपर्यंत तिने तो घोटला. अक्षरं कोणती, ते तिलाही माहीत नव्हतं.

"चोराने मानेवर सुरी ठेवली तरी सांगता यायचं नाही मला," असं ती ऐटीत म्हणायची. कागदावर लिहून ठेवणं तर तिच्या लेखी पापच.

घरी एवढं जपण्यासारखं काय होतं? नवऱ्याचा आवाज. तो ट्रक चालवायचा आणि लिहायचा महाकंटाळा, म्हणून रस्त्यातून मोबाइलवर बोलून पाठवायचा. "अगं ऐकतेस का, टायर बसला. तू जेवून घे." "अगं ऐकतेस का, पुढे धुकं आहे, गाडी बाजूला घेतलीय. झोप तू." सगळा असलाच मजकूर. एका धुक्यात त्याने गाडी बाजूला घेतली नाही, आणि मग तेवढाच मजकूर तिच्या वाट्याला उरला. मोबाइल भरून अडकायला लागला तेव्हा तिने सगळे आवाज घरच्या कॉम्प्युटरवर गोळा केले, दाबले, कुलूप लावलं, प्रती केल्या आणि मोबाइलमधले पुसून टाकले. रविवारी दुपारी उघडायचं, थोडं ऐकायचं, पुन्हा बंद. रडायचं ते तेवढ्यात आटपायचं.

एके दिवशी चहा गाळताना तिच्या उजव्या हातातून गाळणं पडलं. ते उचलायला हात गेलाच नाही. अर्धांगवायू. वाचा वाचली, पाय सावकाश सावरला, उजवा हात मात्र मांडीवर घडी केलेल्या टॉवेलसारखा पडून राहिला.

घरी आल्यावर ती कॉम्प्युटरपुढे बसली. डावा हात आपणहून चालू लागला. काही अक्षरं मारली आणि थांबला. बोटं तशीच अधांतरी. पुन्हा दोन अक्षरं, पुन्हा थांबला.

"आई, मधली अक्षरं कुठली?" मुलीने विचारलं.

"ती ह्याच्याकडे होती," ती मांडीवरच्या हाताकडे बघून म्हणाली.

मुलगी उजवीकडे खुर्ची ओढून बसली. "तू तुझं मार. मी तुझा उजवा हात होते." डावा थांबला की ती अंदाजाने काहीतरी दाबायची. पहिल्या दिवशी दोघी हसल्या. पुढे हसू आटलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानेही शेवटी हात टेकले. "काकू, राग मानू नका, पण तुम्ही कुलूप इतकं चोख लावलंय, की आपल्या हयातीत उघडायचं नाही." जुन्या सवयीने ती क्षणभर सुखावली. मग तिचा चेहरा पडला.

तरी रविवारी ती मेलेला उजवा हात उचलून कीबोर्डवर ठेवायची. डावा थांबला की उजव्याकडे बघत बसायची. एकदा त्याचं बोट हललं असं तिला वाटलं. मुलीला काही दिसलं नाही.

व्यायाम शिकवायला येणारी तरुणी स्पष्टच बोलली. "उजवा टायपिंगपुरता यायचा नाही, काकू. डाव्याला तयार करू." लॅबच्या डॉक्टरांचाही निरोप आला: एका हाताने जमत असेल तर खुर्ची तुमचीच, पण फार दिवस रिकामी ठेवता येणार नाही. मुलीचं शिक्षण व्हायचं होतं आणि घरात कमावणारी ती एकटी. तरी बाई टाळाटाळ करत राहिली. आज खांदा दुखतो, उद्या चक्कर येते.

"आई, काय लहान मुलासारखं चालवलंयस?" मुलगी चिडली.

"अगं, आत्ता हा थांबतो. जिथे उजव्याचं काम असायचं, तिथे बरोबर थांबतो. सगळं एकट्याने करायला शिकला, की थांबायचं विसरेल."

पण पोट थांबत नाही. बाई शिकली. डावा हात आधी अडखळला, मग उजवीकडच्या अक्षरांवर जाऊ लागला, मग सराईत झाला. लॅबमध्ये पहिला रिपोर्ट टाईप झाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आमची कुलूपबाई परत आली," डॉक्टर म्हणाले. तीही हसली. तिला खरंच बरं वाटलं होतं.

त्या रविवारी तिने उजवा हात उचलून जागेवर ठेवला आणि डावा कीबोर्डवर टेकवला. तो निघाला तो थेट उजव्या टोकापर्यंत, उजव्याच्या निर्जीव बोटांना ढकलत, आणि फिरून परत आला. पासवर्ड चुकीचा. तिने पुन्हा सुरुवात केली. ह्या वेळी तो आणखी भरभर गेला.

"थांब ना रे," ती हाताला म्हणाली.

आतून मुलीने विचारलं, "आई, उघडलं का?"

"नाही गं," ती म्हणाली. "हा आता कुणासाठी थांबतच नाही."