जांभळ्या घरांचं गाव

राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका गावात कुजबूज होती, की मारुंजीच्या नकाशा ऑफिसातल्या स्वरूपाने अख्खं गाव गुपचूप कंपनीवाल्यांच्या घशात घातलं. काही जण तर तिच्या गळ्यातली नवी साखळीही पाहून आले होते. साखळी बेन्टेक्सची होती, पण कुजबुजीला एवढं बारीक कुठलं दिसायला!

स्वरूपाचं काम नकाशे रंगवण्याचं. नदी-नाले निळे, रस्ते तांबडे, बागा हिरव्या, घरं पिवळी, कारखाने जांभळे आणि शेवटी मंदिर भगवं. मालक यशवंतराव म्हणाले होते, "शनिवारपर्यंत साठ गावं रंगव, कायम करतो. नाहीतर दुसरीकडे बघ." हाताने एका गावाला अर्धा दिवस लागे. पोरीने डोकं लढवून कॉम्प्युटरला आपोआप रंगवायला लावणारी स्क्रिप्ट लिहिली: नकाशाच्या यादीतला पहिला लेअर, म्हणजे थर, निळा, दुसरा तांबडा, असं ओळीने. चहा निवायच्या आत साठ गावं रंगली! तपासायला तिने स्वतः यादी लावलेलं तेवढं नमुन्याचं गाव उघडलं, आणि मंगळवारी पहिला नकाशा त्या गावच्या ग्रामपंचायतीत धाडून खुशाल भेळ खायला गेली.

नकाशा भिंतीवर लागला मात्र, गावात धमाल उडाली. मारुतीचं देऊळ निळं, नाला तांबडा, घरं झाडून सगळी जांभळी, म्हणजे कारखाने! खरा कारखाना भगवा. त्याच्या गेटाबाहेर दोन म्हाताऱ्या चपला काढून, नारळ घेऊन उभ्या. अजिंक्य नावाचा बेकार पदवीधर बायोडाटा घेऊन गावातल्या आक्काबाईंच्या जांभळ्या घराच्या ओट्यावर बसला. "आज्जी, क्वालिटीत घ्या, न्हाईतर स्टोअरला तरी."

आक्काबाई थेट ऑफिसात धडकल्या. "का गं बाय, माझं घर कंपनी हाय व्हय? मग भोंगा कवा बसवताय? आन् क्यांटीन बी मीच चालवायची?"

यशवंतरावांनी स्वरूपाला दार दाखवलं, "शनिवारच्या आत नीट कर, नाहीतर हे दार." घामाघूम होऊन तिने गावोगावच्या याद्या उघडल्या. सगळ्यात वर मंदिर!

याद्या लावणारे भैरूभाऊ तंबाखू मळत होते. "मीच ठेवलंय. मारुतीच्या डोक्यावर नाला? न्हाई जमायचं."

"भाऊ, ती नुसती यादी आहे हो!"

"यादीत का आसंना."

यशवंतरावांना मंदिर खाली घ्यायचा हुकूम सोडायचा होता, पण कॉम्प्युटरवर मारुतीचं नाव बघून त्यांचेच हात जोडले गेले. देव काही खाली येईना. मग स्वरूपानेच स्क्रिप्ट बदलली. क्रम सोडून लेअरच्या नावावरून रंग. शनिवारी चारला साठही नकाशे गेले, ती कायम झाली. अजिंक्य अजून ओट्यावरच असतो. तिथे चहा मिळतो.

गाव कुणी कुणाला दिलं नव्हतं. मंदिराचा लेअर वर घेतल्याने बाकीचे लेअर एकेक पायरी खाली गेले आणि रंग चुकले.