कडकमामांचा नायटा

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सगळे कडकमामा म्हणत. आपल्या कडक कॉलरीमुळे चार-दोन लग्नं तरी जमली असतील, असा त्यांचा स्वतःचा अंदाज होता.

स्वतःचे कपडे मात्र ते घाईत उरकत. दमट बनियन, दमट चड्डी. वरून एकदा इस्त्री फिरवायची आणि वाफ निघत असतानाच अंगात घालायची. इस्त्री झाली म्हणजे वाळलं, यावर त्यांचा ठाम विश्वास.

मग कमरेला गोल चट्टा उठला. नंतर जांघेत. हातात तापलेली इस्त्री आणि खाजवायची सोय नाही.

"अहो, डॉक्टरांना दाखवा," बायको म्हणाली.

"आणि गावभर बोभाटा करू? नायटा झालेल्याकडे कपडे कोण टाकेल?"

ते दोन बाजार ओलांडून औषधाच्या दुकानात गेले. "पाहुण्याला हवंय," म्हणाले.

काउंटरवरच्या बाईंनी बुरशीवरची पावडर पुढे केली. "पाहुण्यांना सांगा, जागा धुवून पूर्ण कोरडी करायची. मग पातळ थर, डब्यावर लिहिलंय तितक्या वेळा. चिरलेल्या कातडीवर नाही. लावून झाल्यावर हात धुवायचे. टॉवेल वेगळा. खाज थांबली म्हणून मध्येच सोडायची नाही. आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टर."

मामांनी मान डोलावली. पाहुण्याने ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

कारण मामा घामावरच मूठभर पावडर थापत. अर्ध्या तासात तिचा चिखल होई. तिसऱ्या दिवशी खाज थांबली, की डबा फळीवर. आठव्या दिवशी नायटा परत, जरा ऐसपैस होऊन. असे दोन महिने गेले.

एका सकाळी पडद्यामागे थापाथापी चालू असताना बाहेरून हाक आली. मामा तसेच धावले आणि वकिलांचा काळा कोट उचलून त्यांच्या गड्याच्या हाती दिला.

संध्याकाळी वकील स्वतः आले. कोटाच्या खांद्यावर पांढरी शुभ्र पाच बोटं.

मामांनी हात पाठीमागे लपवले. संपलं दुकान.

वकिलांनी मागे-पुढे पाहिलं. आवाज खाली आणला. "मामा, हा वास मी ओळखतो. माझ्याही घरात तोच डबा आहे. भर उन्हात हा कोट घालून बघा एकदा! पण जातच नाही हो. तुम्ही कशी लावता?"

मामांना धीर आला. त्यांनी बाईंचं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. एक शब्द गाळला नाही.

"मी यातलं काहीच करत नव्हतो," वकील खजील झाले. "आणि दोन आठवड्यांत गेलं नाही तर काय म्हणालात?"

"डॉक्टर."

"तुमचं किती दिवसांत गेलं?"

मामा घडी घातलेल्या शर्टालाच पुन्हा इस्त्री करू लागले. वकिलांना उलटतपासणीची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात शेजारी बसले होते. "पेशंट कोण?" कंपाउंडरने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.