मस्टरवरचं नाव

डॉक्टरांनी माझ्या नातीची मूठ उघडली, तळहात खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "आडवी रेघ एकच आहे, बघा."

मी म्हणालो, "असू दे की. आमच्या घरात हात बघायची रीत न्हाई."

डॉक्टर हसले नाहीत.

महानंदा तेव्हा आठ महिन्यांची. माझ्या मुलाची पहिली लेक. मान नीट धरत नव्हती, अंग सैल, जीभ सारखी बाहेर. डॉक्टर म्हणाले, "याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. पुस्तकात मंगोलिझम असंही लिहितात." मग समजावून सांगितलं. माणसाच्या अंगातल्या बारीक पेशींत धागे असतात, त्यांना क्रोमोसोम म्हणायचं. सगळ्यांत शेचाळीस, हिच्यात सत्तेचाळीस. "औषध नाही. कुणाची चूकही नाही. उशिरा बसेल, उशिरा चालेल, उशिरा बोलेल. पण बसेल."

मी जन्मभर गिरणीत मागावर. ताण्यात, म्हणजे उभ्या सुतात, एक धागा जादा आला तर काय होतं ते मला ठाऊक. कापड होतं, पण हात जपून चालवावा लागतो. हे डॉक्टरांना बोललो नाही. उलट ताडकन म्हणालो, "तुमचं चुकलंय." आणखी दोन डॉक्टर केले. दोघांनीही आधी मूठच उघडली.

शिवाय छातीत मर्मर निघाली. मर्मर म्हणजे काळजात जादा आवाज. मग ईसीजी, म्हणजे छातीला तारा लावून काळजाची चाल कागदावर काढतात. "हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे, पण बारीक आहे, बुजेल. वाट बघू," डॉक्टर म्हणाले. दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची ते वर्ष. फडक्यात मिलोची भाकरी बांधून मी आणि माझी सून काशी दवाखान्याच्या बाकड्यावर बसायचो. दर सहा महिन्यांनी तेच बाकडं.

तीन वर्षांची झाल्यावर चालली. चौथ्या वर्षी न्यूमोनिया झाला, म्हणजे फुप्फुसात कफ भरतो. नऊ दिवस ऑक्सिजनची नळी. ती उपसून काढायची, नर्स परत लावायची. नर्स मला म्हणाली, "आजोबा, कुणावर गेलीय हो ही?" काशी पदराआड हसली. पाचव्या वर्षी डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "बुजलं."

मला वाटलं, संपलं सगळं. पण खरी वाट अडली होती ती शाळेत.

सात वर्षांची झाल्यावर तिला नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत नेलं. हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, "आप्पा, बसू दे तिला पहिलीत. पण हजेरीपटावर नाव घालता येणार नाही. तपासणीला साहेब येतात, वर्गाचा निकाल बघतात."

"नाव न्हाई? मग ती बदलीच झाली की!"

बदली म्हणजे काय ते सांगतो. गिरणीत बदली कामगार रोज सकाळी गेटावर उभा राहतो. कायमचा माणूस आला नाही तरच त्याला आत घेतात, नाहीतर घरी. कारण त्याचं नाव मस्टरवर, म्हणजे गिरणीच्या हजेरीपटावर, नसतं. मी नऊ वर्षं असा उभा होतो. नातीला मी गेटावर उभी करणार नव्हतो.

हेडमास्तर वैतागून म्हणाले, "बरं, एक करा. नाव पुकारल्यावर तिनं 'हजर' म्हणावं. म्हणाली तर घालतो."

झालं. महिनाभर ती बिननावाची रोज वर्गात जाऊन बसायची, आणि घरी माझं तेच. अंगणात उभा राहून ओरडायचो, "महानंदा!" ती खिदळायची आणि दुसरीकडं बघायची. काशी म्हणायची, "मामा, आवो गल्ली जमा झाली. पोरीला बोलावताय का भांडताय?" एकदाही 'हजर' म्हणाली नाही. तरी धोतर नेसून, डोक्याला रुमाल बांधून तिला हेडमास्तरांपुढं उभी केली आणि पुकारलं. महानंदा फरशीवर बसली आणि पायातली चप्पल काढून बघायला लागली.

हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या, आप्पा."

मी तिला उठवायला हात धरला. तेवढ्यात घंटा झाली. तशी ती उठली, माझा हात सोडला आणि एकटीच वर्गात गेली. वर्गात शेवटचं बसू द्यावं आणि मग घरी न्यावं म्हणून मी दाराशी गेलो. हेडमास्तर मागं आले.

बाई हजेरी घेत होत्या. एकेक नाव, एकेक "हजर". महानंदा ताठ बसलेली, तोंडातल्या तोंडात प्रत्येक नाव पुटपुटत होती. शेवटचं नाव झालं. बाईंनी वही मिटली.

आणि महानंदा उभी राहिली. जड जिभेनं, पण मोठ्यानं म्हणाली, "मानंदा." जरा थांबली. मग स्वतःच म्हणाली, "अजर." आणि खाली बसली.

वर्गात कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरची एक पोर म्हणाली, "बाई, ती रोज म्हणती की, हळूच. तुमी वही मिटल्यावर."

मी अंगणात घसा फोडत होतो. हजेरी अंगणात नसते, वर्गात असते, हे तिला कळत होतं, मला नाही. तिचं नाव कुणी घेत नव्हतं, म्हणून ती रोज आपलं आपण घेत होती.

हेडमास्तर आत गेले. बाईंकडून वही घेतली, खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं. काय लिहिलं ते मला लांबून वाचता आलं नाही. मी तिसरीपर्यंतच शिकलोय. पण शेवटच्या ओळीत लिहिलं, एवढं दिसलं.

महानंदा अजून पहिलीतच आहे. अक्षरं यायची आहेत, येतील किंवा नाही येणार. त्या डॉक्टरांचे, नर्सबाईंचे आणि पुढच्या बाकावरच्या त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी असं मूल असेल तर त्याला आत कोंडून ठेवू नका. माणसांत बसवा, आणि गप राहून ते काय म्हणतंय ते ऐका.

मी नऊ वर्षं गेटावर उभा होतो. आपलं नाव आपण पुकारायची माझी छाती एक दिवसही झाली नाही.