एकच जागा आणि दोन फौजी

आमच्या जळगावच्या इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर कमी आणि किस्से जास्त! रिटायर होत आलेल्या जवानांसाठी सरकारी खर्चाने कोर्स असतो. बाहेर नोकरी कशी मिळवायची, ते मी शिकवतो. म्हणजे पगार मी घेतो, शिकवतात तेच!

* * *

पहिल्याच दिवशी एक्सेल शिकवून विचारलं, "काही डाउट?"

सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "नो सर!"

मी खूश. दुसऱ्या दिवशी कुणालाच साधी बेरीज जमेना! असोद्याचे हवालदार भगवानभाऊ उभे राहिले. "सर, फौजेत एकाने डाउट विचारला, की सगळ्यांना ग्राउंडला चकरा माराव्या लागतात."

* * *

धुळ्याचा नाईक रमेश. सरावाच्या इंटरव्ह्यूत मी ऐटीत म्हणालो, "उद्यापासून भुसावळला जॉइन व्हा."

सकाळी पाहतो तर हा ट्रंक आणि बिस्तरा घेऊन दारात! "सर, भुसावळला कुणाला रिपोर्ट करायचं?"

* * *

भगवानभाऊंच्या मिसेसचा फोन आला. "सर, यायले घरात राह्याचंबी शिकवा! सकाळी उठून माझ्या सासऱ्यायले लाइनीत उभं करता!"

मी पोट धरून हसलो. मग त्या हळूच म्हणाल्या, "पोरगी अजून रोज विचारते, पप्पाची रजा कधी संपते?"

जवळपास नोकरी मिळाली नाही, तर भाऊंना पुण्याला सिक्युरिटीत जावं लागणार होतं.

* * *

आणि भुसावळच्या एका शाळेत बस-सुपरवायझरची जागा निघाली. एकच! भाऊ आणि रमेश, दोघांनाही इंटरव्ह्यूचं बोलावणं.

मी आधीच जाऊन बसलो होतो. "फौजी माणूस, वेळेआधीच येणार," असं प्रिन्सिपल मॅडमना छातीठोकपणे सांगून झालं होतं. वेळ टळून गेली, तरी दोघांचा पत्ता नाही! माझा जीव टांगणीला.

शेवटी आले. कपडे धुळीने माखलेले, हात काळे. रमेशची बाइक नशिराबादला बंद पडली होती. मागून येणाऱ्या भाऊंनी ती आपल्या बाइकला दोरीने बांधून इथवर ओढत आणली होती.

रमेश काकुळतीला आला होता. "मॅडम, मी यांना किती म्हटलं, भाऊ, तुम्ही व्हा पुढे! जागा एकच शे!"

मॅडमनी भाऊंकडे पाहिलं. "जागा एकच आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, मॅडम."

"मग थांबलात कशाला?"

प्रश्नच न कळल्यासारखं भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे.

"मॅडम, त्याची गाडी बंद पडली होती ना!"