लोणावळ्यात प्रत्येक सेन्सर नापास

"तिसरा सेन्सरपण फॉल्टी निघाला, काळोखे. मला वाटतं अख्खा लॉटच डिफेक्टिव्ह आहे. कंपनीला मेल टाकलाय."

राऊतांनी हे इतक्या थंडपणे सांगितलं, की मला आधी वाटलं गडी चेष्टा करतोय. पण टेबलावर खरंच सेन्सरचे खोके रचून ठेवले होते, परत पाठवायला. सगळे कोरे.

राऊत म्हणजे आमच्या वर्कशॉपच्या लोणावळा शाखेचे मॅनेजर. हेड ऑफिस नवी मुंबईत, तिथून नुकतेच घाट चढून आलेले. मी तळेगाव शाखेत. गाडी खोलायच्या आधी स्कॅनर लावून इंजिनाचं दुखणं कुठं आहे ते शोधायचं, हे माझं काम. लोणावळ्याची एक गाडी दोन आठवडे सुटत नव्हती, म्हणून मला बोलावलं होतं.

गाडी बाहेर झाडाखाली उभी होती. पांढरी पेट्रोल व्हॅन, मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम'. शेजारी मालकीण उभी. तिकोणा पेठच्या सुनंदाताई. स्वतःच चालवतात. पवनेकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या सहा मुली रोज लोणावळ्याला कॉलेजात आणायच्या आणि नेऊन सोडायच्या, हा त्यांचा धंदा. सगळ्या बारावी सायन्सच्या.

"जय भीम, भाऊ. तुमी तळेगावचं का? आता तुमी तरी बघा. मी पयल्या दिसापासून सांगतीया, गाडी सपाटीला पळती, चढाला दम सोडती. दुधिवरे खिंडीत पोरी खाली उतरवून ढकलायला लावल्या. एकदा तर गाडी मागं सरली. पोरी वरडल्या, मी कसाबसा बिरेक दाबला."

"मग आता मुली कशा जातात?"

"कशाच्या जात्यात! घरी बसल्यात. यष्टी वेळेवर न्हाई. सोमवारी प्रॅक्टिकल हाय. त्यांचे बाप म्हनत्यात, गाडी न्हाई तर कॉलेज न्हाई. त्यातल्या रोहिनीचा बाप तर टपूनच बसलाय. तिला कॉलेजातनं काढाय त्याला निमितच पायजे व्हतं."

त्या दिवशी शुक्रवार होता. मी आत गेलो.

"राऊत, गाडी चढावर नेऊन पाहिली का?"

"गरज काय? रिडिंगच फेल येतंय. हे बघा."

त्यांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं हेड ऑफिसनं पाठवलेला लॅमिनेट केलेला तक्ता. कुठल्या सेन्सरचा आकडा किती ते किती असला की पास. आमच्या तळेगावातही तो आला होता. मी तो कपाटामागं सारला होता, का ते आता सांगतो.

भानगड होती मॅप सेन्सरची. इंजिनात हवा शिरते त्या वाटेवरचा दाब हा सेन्सर मोजतो. किल्ली ऑन केली, पण इंजिन चालू केलं नाही, तर तिथं बाहेरची साधी हवाच असते. म्हणजे तेव्हा तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. तक्त्यात लिहिलेलं, किमान अठ्ठ्याण्णव. किलोपास्कल हे त्याचं माप. व्हॅनचा आकडा चौऱ्याण्णव. झालं! सेन्सर नापास. नवा बसवला, चौऱ्याण्णव. तोही नापास. तिसरा, चौऱ्याण्णव. आता राऊतांचं म्हणणं, एकतर लॉट खराब, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर गेला. कॉम्प्युटर बदलायचं एस्टिमेट तयार होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमची गाडी कुठाय?"

"माझी? ती काय, मागं. का?"

"किल्ली द्या."

मी स्कॅनर त्यांच्या गाडीला लावला. नवी कोरी गाडी. आकडा, चौऱ्याण्णव. शेजारी सर्व्हिसला आलेली एक टॅक्सी होती, तिलाही लावला. चौऱ्याण्णव. राऊतांना ओढत आणून दाखवलं. म्हटलं, आता तरी ट्यूब पेटेल. त्यांनी स्क्रीनकडं पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि म्हणाले, "अरेच्चा! म्हणजे माझापण बदलावा लागणार."

खोटं सांगत नाही, स्कॅनर डोक्यात घालावा असं वाटलं.

"अहो राऊत, तुम्ही राहता कुठं?"

"सध्या? हितंच, भुशीच्या रस्त्याला."

"मुंबईहून येताना वेफर्सची पाकिटं घेता ना मुलांना? घाट चढून वर आल्यावर ती कशी होतात?"

"फुगतात."

"का फुगतात?"

"का म्हणजे... वर हवेचा दाब कमी..."

बोलता बोलता थांबले. मी थांबलो नाही.

"हां! दाब कमी! समुद्राकाठी शंभर-एकशेएक असतो, इथं डोंगरावर चौऱ्याण्णव. तुमचा तक्ता नवी मुंबईत बसून केलाय. सेन्सर बिचारा खरं बोलतोय आणि तुम्ही त्यालाच दोषी धरताय! उद्या लोणावळ्यात येणारी प्रत्येक गाडी नापास कराल!"

"पण काळोखे, एसओपी आहे ती, हेड ऑफिसनं ठरवलेली पद्धत. मी मनानं कसं बदलणार?"

माणसाला चूक कळते, पटतेसुद्धा, तरी भिंतीवर जे लिहिलंय ते सोडवत नाही. मी तो तक्ता ओढून काढला. लॅमिनेशन होतं, फाटेना, म्हणून आणखी चिडलो. शेवटी घडी घालून कचऱ्यात कोंबला. राऊत म्हणाले, "हे बरोबर नाही." म्हटलं, करा माझी तक्रार, इंग्रजीत करा.

मग सुनंदाताईंना म्हणालो, "चला, खिंडीत जाऊ. गाडी तुम्ही चालवा. जशी रोज चालवता तशीच."

स्कॅनरवर चालत्या इंजिनाचे आकडे सारखे बदलत राहतात. त्याला लाइव्ह डेटा म्हणतात. उभ्या गाडीवर तो बघण्यात अर्थ नसतो, जर तक्रार चढावरची असेल तर. डॉक्टरकडं नाही का, धाप लागते म्हटल्यावर आधी चालायला लावतात, तसंच. आम्ही खिंड उतरून पवनेच्या अंगाला गेलो, गाडी वळवली आणि चढाला लागलो. पहिल्या मोठ्या वळणावर गाडीनं मान टाकली.

"ताई, दाबा."

"दाबलंय भाऊ! आता पाय भाईर निघंल माझा!"

मी दोनच आकड्यांकडं बघत होतो. पहिला मॅपचा. ब्याण्णव. बाहेरच्या चौऱ्याण्णवच्या जवळच, म्हणजे बाहेरची सगळी हवा इंजिनात शिरतेय, हवेला कुठं अडथळा नाही. दुसरा ऑक्सिजन सेन्सरचा. हा सायलेन्सरच्या नळीत असतो, धुरात किती ऑक्सिजन उरला ते सांगतो; ऑक्सिजन जास्त उरला की आकडा खाली. गाडी जोर लावत असताना इंजिनात पेट्रोल जास्त जायला हवं, आणि हा आकडा शून्य पॉईंट आठ-नऊवर बसायला हवा. इथं तो शून्य पॉईंट एकवर चिकटलेला. हवा भरपूर, पेट्रोल नाही. चुलीला फुंकर घालताय आणि लाकूडच नाही.

म्हणजे दुखणं टाकीत. सपाटीला थोडंच पेट्रोल लागतं, तेवढं येत होतं. चढाला जास्त लागलं की पुरत नव्हतं. परत येऊन पेट्रोलच्या लाइनला गेज लावला, दाब कमीच. टाकीतला पंप बाहेर काढला. पंपाच्या तोंडाची जाळी काळ्या गाळानं बुजलेली आणि पंपही थकलेला.

सुनंदाताई त्या जाळीकडं बघत राहिल्या. "एवढ्यासाठी? आन मी पयल्याच दिशी सांगितलेलं, चढाला दम सोडती म्हनून."

"सांगितलं होतंत."

"मग ऐकलं का न्हाई कुनी?"

राऊत मोबाइलमध्ये बघत होते.

पंप शनिवारी आला, शनिवारीच बसला. रविवारी मी स्वतः गाडीत सहा माणसं कोंबून खिंड चढवून पाहिली. दुसऱ्या गिअरला गुरगुरत वर गेली, कुठं अडली नाही. ऑक्सिजनचा आकडा जिथं हवा तिथं. गाडीतला तिसरा सेन्सर 'नापास' म्हणून काढून टाकायला राऊत निघाले होते. त्यांच्यावर ओरडून तो तसाच ठेवायला लावला.

सोमवारी दुपारी सुनंदाताईंचा फोन आला.

"गाडी लय झ्याक पळती भाऊ. पाची पोरी येळेवर पोचवल्या."

"पाच? सहा होत्या ना?"



"रोहिनी न्हाई आली. तिच्या बापानं गेल्या बुधवारीच तिला बंगल्यावर कामाला लावलीय, पवनेच्या काठाला. शनवार-रविवारी पाव्हनं येत्यात त्यांच्या चादरी बदलती. मी आज पहाटं जाऊन भांडले. म्हनलं, गाडी झाली दुरुस्त. तर मला म्हनतो, तुझ्या गाडीचा काय भरवसा? आन ती आतनं ऐकत व्हती, भाऊ. भाईरसुदीक आली न्हाई."

मी लगेच राऊतांना फोन लावला. का लावला, ठाऊक नाही. बहुतेक कुणाला तरी बोलल्याशिवाय राहवेना. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "वाईट झालं हो. पण गाडी ओके ना? मग जॉब क्लोज करतो."

हेड ऑफिसला मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की तक्ता प्रमाणित आहे, तरी सूचनेचा विचार करू. लोणावळ्याच्या भिंतीवर नवा तक्ता लागलाय, आकडा तोच.

या धंद्यात येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. स्कॅनरवरचा आकडा चुकीचा वाटला, तर पार्ट मागवायच्या आधी शेजारी उभ्या असलेल्या धडधाकट गाडीचा तोच आकडा बघा. आणि गाडीवाला चढावर त्रास आहे म्हणाला, तर चढावर जा. पहिल्या दिवशी कुणी एवढं केलं असतं, तर व्हॅन त्याच आठवड्यात खिंड चढली असती आणि सोमवारी रोहिणी प्रॅक्टिकलला बसली असती.