अक्काच्या माळवदावरची काळी माती

मातीवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही डोळे मिटून एक लांब श्वास घेतला असणार. आता मातीचा सुगंध येणार, मग गाव आठवणार, मग गळा दाटणार. दाटू नका देऊ. काळ्या आईला नमस्कारबिमस्कार ह्यात काही नाही. हितं माती म्हणजे माझ्या अक्काच्या घराचं छप्पर, आणि ते मी तोंडानं बिघडवलं. खरंच तोंडानं. हात नंतर लावला.

मला नकला करायची खोड आहे. मंगळवेढ्याच्या शाळेत होतो तेव्हा हेडमास्तर रजेवर असले तरी त्यांचा आवाज वर्गात हजर असायचा. पुढं सोलापूरला शेतकीच्या शाळेत गेलो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. तिथं आम्हाला माती शिकवायला एक सर होते. तपकीर ओढायचे, त्यामुळं सगळं शिक्षण नाकातून यायचं. प्रत्येक वाक्याच्या आधी “बरं का”, आणि ‘बारीक’ म्हणताना डोळेसुद्धा बारीक करायचे. असला माणूस नकलेला मिळायला नशीब लागतं.

पण शिकवायचे चांगले. मातीचा पोत म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला फळ्यावर नाही, हातावर शिकवलं. ओली माती अंगठा आणि बोटात धरून पुढं सरकवायची. वाळूची पट्टी होतच नाही, हातातच फिसकटते. पोयट्याची, म्हणजे ओढ्याकाठच्या त्या पिठासारख्या मऊ मातीची, थोडी होते आणि तुटते. आणि आमच्याकडची काळी चिकण माती बोटभर लांब लोंबते तरी तुटत नाही.

“बरं का, वाळूचा कण कलिंगडाएवढा धरा,” सर म्हणायचे. “मग पोयट्याचा कण बोराएवढा. आणि चिकणमातीचा कण? राजगिऱ्याएवढा. इतका बाऽऽरीक! आता कलिंगडाच्या ढिगावर पाणी ओता. राहील का? आणि राजगिऱ्याच्या पोत्यावर ओता.”

मग त्यांनी काचेची तीन नरसाळी मांडली. एकात वाळू, एकात पोयटा, एकात काळी माती, खाली कापूस. तिन्ही आधी भिजवून घेतली आणि वरून सारखं पाणी ओतलं. वाळूतनं पाणी लगेच खाली. पोयट्यातनं सावकाश. काळीतनं तास संपला तरी दोन-चार थेंब. मी वहीत लिहिलं: कण जितका बारीक, तितकं पाणी जात नाही. आणि वही मिटली. माझं तिथंच चुकलं, पण ते मला मे महिन्यात कळलं.

मे महिन्यात सुट्टी लागली आणि मी होटगीला अक्काकडं गेलो. दाजी रेल्वेच्या गँगमध्ये होते, रुळाखाली खडी भरायचं काम. घर दोन खणांचं, माळवदाचं. खाली लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या आणि काटक्या, त्यावर वीतभर माती. असल्या घराला दरवर्षी पावसाच्या आधी वरून नवीन मातीचा थर द्यावा लागतो, नाहीतर गळतं. त्या वर्षी अक्काची मुलगी दोन महिन्यांची होती. पाळणा मधल्या तुळईला बांधलेला, आणि वर्षाच्या ज्वारीची सात पोती आतल्या खणात भिंतीला लावलेली. दाजींना सहा दिवसांची रजा मिळाली होती ती ह्याच कामासाठी.

माळवदावर टाकायची ती पांढरी माती. जुनं गाव जिथं वसलेलं होतं, तिथल्या टेकाडाची. अलीकडची बाजू लोकांनी खणून संपवलेली, आता वळसा घालून पलीकडं जायचं, गाडी मिळवायची, चार खेपा करायच्या. आणि इकडं परसात काळ्या मातीचा हा मोठा ढीग, शेजाऱ्यानं आडाला खड्डा काढला होता त्याचा.

मी म्हटलं, “दाजी, ही काळी टाकू की. पाणी हिच्यातनं जातच नाही.”

दाजी म्हणाले, “पाव्हणं, तुमी गप बसा. चहा पिऊन झाला आसंल तर कप ठिवा आत.”

मग मी ढिगावर चढलो. टॉवेल खांद्यावर टाकला, नसलेली तपकीर ओढली आणि सरांच्या नाकातनं सुरू झालो. “बरं का, वाळूचा कण कलिंगडाएवढा धरा...”

शेजारपाजारचे आले. पोरं आली. अक्का मुलीला घेऊन दारात येऊन हसायला लागली. आणि दाजींनी काय करावं? सरांना त्यांनी जन्मात बघितलेलं नव्हतं, पण आवाज ऐकल्याबरोबर टोपी नीट केली आणि उकिडवे होते ते मांडी घालून बसले. वर मला विचारतात, “पर साहेब, आमचं जुनं लोक पांढरीच टाकत आलेत की.”

“बरं का, जुन्या लोकांकडं नरसाळी होती का?”

“न्हाय बा,” दाजी म्हणाले. सगळे हसले.

शेजारच्या कानडी मावशी घागर घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. हात हलवून म्हणाल्या, “ब्याड, ब्याड! करि मण्ण ब्याड!” म्हणजे नको, काळी माती नको. मी लगेच कमरेवर घागर असल्यासारखा हात ठेवून त्यांची नक्कल केली. “ब्याड, ब्याड!” पोरं गडबडा लोळली. मावशी पाण्याला निघून गेल्या.

अक्का हसायची थांबली. म्हणाली, “खरंच तुजं सर आसं म्हणलं का रं? माळवदावर काळी टाका म्हणून?”

माळवदाचं नावसुद्धा सरांनी कधी घेतलं नव्हतं. पण मी ढिगावर होतो आणि लोक समोर होते. “बाई,” मी नाकातनं म्हणालो, “विज्ञान खोटं बोलत नसतं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही काळी माती चढवली. चिखल करून पसरली, पायानं तुडवली, लाकडी चोपण्यानं चोपली. संध्याकाळी माळवद पाटीसारखं चमकत होतं. दाजी खालून बघून म्हणाले, “साहेबाचं काम हाय बाबा.”

तिसऱ्या दिवशी त्यावर केसाएवढ्या रेघा उठल्या. पाचव्या दिवशी रेघांत बोट जायला लागलं. मी कोरडी काळी माती चाळून भेगांत भरली. त्या भेगा तशाच राहिल्या आणि शेजारी नवीन पडल्या. दाजींची रजा संपली, ते कामावर गेले. जाताना वर बघून म्हणाले, “साहेबाला इचारा एकदा.” मी म्हटलं, “विचारतो की.” विचारलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला वळीव आला. घरात मी, अक्का आणि मुलगी. पाणी ठिबकलं नाही. ठिबकलं असतं तर भांडी मांडली असती. दोरी सोडावी तसं आठ-दहा ठिकाणांहून सरळ खाली आलं आणि त्यातल्या दोन दोऱ्या ज्वारीवर. अक्कानं मुलीला उचलून चुलीकडच्या कोपऱ्यात ठेवलं आणि आम्ही दोघं पोती ओढायला लागलो. चार वाचली. तीन भिजली.

मग एक गंमत झाली. पाऊस तसाच कोसळत होता आणि गळणं कमी कमी होत थांबलं. मी वर बघितलं. थेंब नाही. मी ओरडलो, “अक्का, बघ! थांबलं की नाही? काळी ती काळीच!”

तेवढ्यात तुळई बोलली. सुकं लाकूड पिरगाळल्यावर येतो तसला आवाज. वरून काटक्यांचा भुगा पडला, नेमका रिकाम्या पाळण्यात. तुळई मध्यावर खाली आलेली डोळ्यांना दिसत होती. अक्कानं मुलीला लुगड्यात गुंडाळलं आणि पावसातच बाहेर पडली, सरळ मावशींच्या घरात. मी मागनं. मावशींनी घोंगडं अंथरलं, चुलीत लाकूड सारलं. एक अक्षर काढलं नाही. ब्याडसुद्धा नाही.

दाजी कामावरनं आल्यावर आम्ही तुळईला बाभळीचा टेकू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी सोलापूरला गेलो आणि सरांच्या दारात उभा राहिलो. सगळं सांगितलं. आवाजाचं तेवढं सांगितलं नाही.

सर चपला घालून शाळेत आले. कपाट उघडलं. तीन नरसाळी सुट्टी लागल्यापासून तशीच होती, कुणी धुतली नव्हती. वाळू होती तशी होती. पोयटा होता तसा होता. काळी माती मात्र वाळून आकसली होती, काचेपासून सुटून मधोमध गोळा होऊन बसली होती, आणि कडेनं नख जाईल एवढी फट.

“ओत पाणी,” सर म्हणाले.

ओतलं. फटीतनं धार खाली. वाळूपेक्षा लवकर. थोडा वेळ थांबल्यावर माती फुगली, फट मिटली, आणि परत ते थेंब-थेंब.

“बरं का,” सर म्हणाले, आणि ते तोंडावर ऐकताना माझे कान गरम झाले. “इतका बारीक कण पाणी धरतो, म्हणजे पाणी पोटात घेतो. घेतलं की फुगतो, जड होतो. उन्हानं गेलं की आकसतो, तडकतो. तुझं छप्पर आधी तडकलं म्हणून गळलं. मग फुगलं म्हणून थांबलं. आणि भिजून जड झालं म्हणून लाकूड वाकलं. मी तुला ओल्या मातीचा धडा दिला. तू ती उन्हात नेऊन टाकलीस. एवढं तर शेतातल्या भेगा बघूनही कळतं, तुझ्या गावात भेगा पडत नाहीत का?”

पडतात. उन्हाळ्यात आमच्या रानात कुदळीचा दांडा जाईल असल्या भेगा पडतात. त्यांत मी लहानपणी गोट्या घालवल्यात. पण ते रान होतं आणि हे विज्ञान, असं काहीतरी माझ्या डोक्यात असणार.

सरांनी एक रिकामी बाटली दिली. म्हणाले, पांढरी माती आण आणि हिच्यात पाण्याबरोबर हलवून ठेव, जाड कण आधी खाली बसतो.

होटगीला आल्यावर आधी काळी माती उतरवावी लागली. ती ओली होती. फावड्याला चिकटली की फावडं झटकून सुटेना, हातानं खरवडून काढायची. पाटीला चिकटली, पायाला चिकटली, शिडीला चिकटली. चढवायला एक दिवस लागला होता, उतरवायला तीन. मग दाजींनी गाडी मिळवली आणि मी टेकाडाच्या पलीकडनं पांढरी आणली. चार नाही, सहा खेपा.

तिची बाटली मी मावशींच्या कट्ट्यावर ठेवली. चाळीस आकडे म्हणेपर्यंत तळाला वाळूचा पातळ पट्टा बसला. त्यावर सावकाश पोयटा बसत गेला, निम्म्याहून जास्त. वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ होतं, म्हणजे चिकणमाती होती, पण थोडी. बोटात धरली तर पट्टी नखाएवढी होऊन तुटायची. चोपून उन्हात ठेवलेली वडी तडकली नाही. पाणी अडवायला पुरेल इतकी बारीक, आणि फुगायला लागेल इतकी नाही. जुन्या लोकांनी नरसाळी न वापरता हे कसं काढलं, ते मला माहीत नाही. दरवर्षी गळून गळून काढलं असणार.

थर दिला, चोपला. चार दिवसांनी परत पाऊस आला. आम्ही तिघं आत वर बघत बसलो. बाहेर पन्हळीतनं पांढरट पाणी पडत होतं. आत काही नाही. तुळईला टेकू तसाच राहिला, तो काही आता निघणार नव्हता.

अक्कानं त्या रात्री भिजलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. वाळवली होती तरी पीठ जुळत नव्हतं, भाकरी कडेनं फुटायची आणि कुबट लागायची. तिनं ती पहिली माझ्या ताटात टाकली. मी वातावरण हलकं करावं म्हणून नाकातनं म्हणालो, “बरं का...”

तिनं हातातली पिठाची काटवट खाली ठेवली.

“बास. त्यो आवाज ह्या घरात पुन्यांदा काढायचा न्हाय. तुला माती कळली न्हाय त्येचा मला राग न्हाय. ह्यांस्नी तरी कुटं कळली? मला तरी कुटं कळली? पर मी तुला इचारलं व्हतं, सर खरंच म्हणलं का म्हणून. मी माज्या भावाला इचारलं व्हतं. उत्तर कोण दिलं? कोण आला व्हता तितं ढिगावर?”

दाजी ताटात बघत म्हणाले, “जाऊ दे की आता.”

“तुमी बोलू नगा! टोपी नीट करून बसला व्हता मांडी घालून!” अक्का परत माझ्याकडं वळली. “लेकरू त्या तुळईखाली झोपतंय रोज. त्यादिवशी तेवढं चुलीकडं व्हतं. तू न्हाय म्हणला आसतास, म्हायती न्हाय म्हणला आसतास, तर काय कमी झालं आसतं तुजं? पोरं हसली नसती, येवडंच की. आन त्या मावशी. त्येंनी चांगलं सांगितलं तर त्येंची कंबर हलवून दावलीस. त्येंच्याच घरात जाऊन बसलो आपण, लाज वाटली मला. उद्या सकाळी जायचं आन त्येंची माफी मागायची. कानडीत न्हाय, नाकात न्हाय. तुज्या सोताच्या आवाजात. हाय का सोताचा? का त्यो बी कुणाचा उचललाय?”

मी मान खाली घालून भाकरीची फुटकी कड चाचपत राहिलो.

“बोल की. हाय का?”

“हाय,” मी म्हणालो.

“मग त्यात बोलत जा. आन मान खाली घालून बसू नगंस, जेव. तीन पोती हायती आसली.”