जावयानं मागितलेलं टेबल

फेब्रुवारी लागला की कंपालातले पुरुष पेरपेतुआ नाकावुकीला फोन करत. व्हॅलेंटाइनच्या रात्री बाईला जेवायला कुठं न्यावं, हे त्यांना स्वतःच्या आईला विचारता येत नव्हतं आणि मित्र हसले असते. कोलोलो टेकडीवरच्या बागेतल्या हॉटेलात पेरपेतुआ तेवीस वर्षं दाराशी उभी राहून टेबलं देत होती. कुठल्या टेबलाशेजारी जनरेटर धडधडतो, कुठल्या झाडावर मराबू पक्षी बसतात आणि खालच्या माणसाच्या सुटाची काय गत करतात, शहराचे दिवे नेमके कुठून दिसतात, सगळं तिला पाठ होतं. तिच्या समाजात मुलीला लग्नातल्या चार गोष्टींचं शहाणपण आत्या शिकवते. म्हणून गिऱ्हाइकंही तिला आत्याच म्हणत.

"आत्या, माझ्या दोघीजणी आहेत. एकीला दुपारी आणतो, एकीला रात्री. चालेल ना?"

"चालेल की. मधल्या वेळेला वकिलासाठी टेबल ठेवू का?"

असं तिचं बोलणं. लोक हसत आणि टेबल तिच्याकडेच घेत.

त्या वर्षी महिन्याच्या तीन तारखेला एका तरुणाचा फोन आला. आवाज गोड होता, जरा घाबरलेलाही.

"आत्या, माझ्या डोक्यात तीन जागा आहेत. एक सरोवराकाठची."

"त्या दिवशी अर्धं शहर त्याच रस्त्यावर असतं. गाडीतच नऊ वाजतील आणि तुमची बाई भुकेनं तुम्हालाच खाईल."

"मग ती शहरातली गच्ची? बँड असतो तिथं."

"बँड छान आहे. पण तुम्हाला तिच्याशी बोलायचंय की नाचायचंय?"

"बोलायचंय. घरच्यांना घेऊन तिच्या घरी रीतसर मागणी घालायला कधी येऊ, ती तारीख विचारायचीय."

पेरपेतुआला बरं वाटलं. हल्ली असं कोण विचारतं? "मग इथंच या," ती म्हणाली. "सात नंबरचं टेबल देते. पाठीशी भिंत, समोर सगळे दिवे, वाढपी बोलावल्याशिवाय फिरकणार नाही. नाव सांगा."

"एडगर लुबेगा."

पेन हातातच राहिलं. रेस्टीचा एडगर! तिच्या एकुलत्या एक लेकीचा. त्याला ती फक्त रेस्टीच्या फोनमधल्या फोटोतून ओळखत होती. रीतीप्रमाणे तो मसाकाला रेस्टीच्या खऱ्या आत्याला भेटून आला होता. मुलीच्या आईसमोर त्यानं जायचंच नसतं. जावयानं सासूला हात लावायचा नाही, तिच्यासमोर जेवायचं नाही. हात लावला तर हातापायांना कंप सुटतो, असं म्हातारी माणसं सांगत. पेरपेतुआचं अर्धं मन यावर विश्वास ठेवत नव्हतं आणि उरलेलं अर्धं मन कधी धोका पत्करत नव्हतं. चौदाला आपण आत स्वयंपाकघरात थांबू, दाराशी दुसरीला उभं करू, असं तिनं तिथल्या तिथं ठरवलंसुद्धा.

तेवढ्यात तो म्हणाला, "टेबल चांगलंच हवं हं, आत्या. मुलीच्या आईचं एंटेबेला स्वतःचं गेस्टहाऊस आहे. विमानानं येणारे पाहुणे उतरतात तिच्याकडे. तिच्या कानावर गेलं की जावयानं मुलीला कुठंतरी पत्र्याखाली बसवलं, तर काय म्हणेल?"

"कुणाचं गेस्टहाऊस?"

"सासूबाईंचं. म्हणजे, होणाऱ्या. फार मोठ्या बाई आहेत म्हणे. कडक."

"असतील," पेरपेतुआ म्हणाली. तिनं सात नंबरपुढं नाव लिहिलं ते इतकं दाबून, की मागच्या तीन पानांवर उमटलं.

रेस्टी चार वर्षांची असताना तिचा बाप टॅक्सीच्या अपघातात गेला. तेव्हापासून पेरपेतुआ त्या दाराशी उभी होती. आधी दोन पायांवर, मग सुजलेल्या दोन पायांवर. मुलगी विद्यापीठात गेली ती त्या पायांवर. आता फोन कंपनीच्या कचेरीत काचेमागं बसते, तेही त्या पायांवरच. मुलीनं खोटं बोलावं, याचं तिला एवढं वाटलं नसतं. वयात आलेल्या मुली बोलतात. पण एंटेबेची ती बाई रेस्टीनं किती मन लावून घडवली होती! तिला गेस्टहाऊस दिलं, पाहुणे दिले, कडक स्वभावही दिला. रस्त्यानं घरी जाताना पेरपेतुआला त्या बाईचे दागिने दिसू लागले, गाडी दिसू लागली. बोडावर, भाड्याच्या मोटारसायकलवर, मागं बसल्या बसल्या ती मोठ्यानं म्हणाली, "सटवी!" बोडावाल्यानं वळून पाहिलं. "तुला नाही," ती म्हणाली. "पुढं बघून चालव."

रविवारी रेस्टी कावेंपेला आईकडे आली. हातात अननस होता, पाव होता, आणि चेहऱ्यावर काहीतरी मागायला आलेल्या माणसाचं हसू.

"आई, चौदाला सुट्टी घेशील?"

"वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री? का गं?"

"एडगरनं तुमच्याच हॉटेलात टेबल घेतलंय. मी दुसरी चार नावं सुचवली, पण ऐकत नाही. फोनवरच्या बाईनं त्याला पार पटवलंय."

"ती बाई मीच."

"माहीत आहे." रेस्टी अननसाच्या पानांशी खेळत राहिली.

"मग मी आत थांबते की. त्याला दिसणारसुद्धा नाही."

"नको, आई. एका छपराखाली कसा जेवेल तो? उद्या काही झालं तर त्याच्या घरचे मलाच बोल लावतील."

"बागेला छप्पर नसतं, रेस्टी."

"तू मुद्दाम करतेस. रीत ती रीत."

"रीत! नाताळात आत्याला कोण म्हणालं, की हे सगळं खेड्यातलं खूळ आहे? आता एकदम इतकी सोवळी झालीस?"

पेरपेतुआनं सुरी घेतली आणि अननस सोलायला बसली. ती वाट पाहत होती. पोरीनं नुसतं म्हणावं, आई, मी एक मूर्खपणा केलाय. बस, एवढंच. मग ती रागावली असती, दोन धपाटे घातले असते, आणि चौदाला खुशाल घरी झोपून राहिली असती.

"आणखी काही सांगायचंय का मला?"

"नाही. काय असणार?"

अननसाच्या सालीबरोबर निम्मा गरही गेला. "मग मी कामावर जाणार," पेरपेतुआ म्हणाली. "आणि दाराशीच उभी राहणार. जिथं रोज असते तिथं."

चौदाला संध्याकाळपासून लाल कपड्यांची रांग लागली. बायकांच्या उंच टाचा खडीत रुतत होत्या, पुरुष गुलाब सांभाळत घाम पुसत होते. आठ वाजता एडगर आला. फोटोतल्यापेक्षा बारीक होता, आणि कोट बहुधा भावाचा असावा. मागं लाल झग्यात रेस्टी. आईला पाहताच ती थबकली आणि झाडावरच्या दिव्यांकडे बघायला लागली, जणू तिथंच काहीतरी लिहिलेलं होतं.

"नाव?" पेरपेतुआनं विचारलं.

"एडगर लुबेगा. अरे! आत्या ना तुम्ही? आवाजावरून ओळखलं!" पोरगा खुलला. "रेस्टी, ह्या बघ. यांच्यामुळं आपण आज इथं आहोत." आणि त्यानं हात पुढं केला.

पेरपेतुआनं हाताकडे पाहिलं, मग लेकीकडे. रेस्टी आता तिच्याकडेच बघत होती. तोंड मात्र बंद. एक पाऊल मागं घेतलं असतं तर सगळं निभलं असतं. थोडं हसायचं, वही उचलायची, इकडून या म्हणायचं. जेवण झालं असतं, तारीख ठरली असती, आणि एंटेबेची बाई सुखानं नांदली असती. लेकीला तेच हवं होतं. तिच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं: आई, मागं हो.

पेरपेतुआनं आपला हात उचलला. हळूहळू, लेकीवरची नजर न काढता. दोन हातांत वीतभर अंतर राहिलं. मग चार बोटं.

"एडगर, हात मागं घे!" रेस्टी किंचाळली. "हात लावू नकोस! आई आहे ती माझी!"

एडगरनं असा हात ओढला की जणू तव्याला लागला. मागं सरताना गुलाबांची बादली लवंडली. त्यानं कोट डोक्यावर ओढला, पाठ फिरवली आणि तसाच आंधळ्यासारखा फाटकाबाहेर पळाला. रांगेतली माणसं हसली. मग प्रकार समजला तशी त्यांतली म्हातारी माणसं दोन पावलं मागं सरकली. कुंपणापलीकडून त्याचा आवाज आला.

"सासूबाई, माफ करा! मला खरंच ठाऊक नव्हतं!"

"तिकडंच थांबा. तोंड रस्त्याकडे ठेवा."

"ठेवलंय!" मग पुन्हा आवाज आला. "सासूबाई, एंटेबेहून कधी आलात?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पेरपेतुआ हसली नाही. "ते रेस्टीला विचारा," ती म्हणाली.

रेस्टीच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं. "तू हात पुढं केलास," ती कुजबुजली. "तू लावला असतास. माझं लग्न मोडलं असतंस."

"लावला असता."

"आई!"

"तो एंटेबेच्या बाईचा जावई. माझा कोण लागतो? मी कुणाच्याही हाताला हात लावीन. रोज शंभर माणसांना लावते."

"मला लाज वाटली होती. सुरुवातीला. मग सांगायचं राहूनच गेलं, आणि तो घरी सगळ्यांना सांगत सुटला..."

"रविवारी विचारलं होतं मी तुला."

"हो."

"आणि आत्तासुद्धा, कंप सुटायची वेळ येईपर्यंत तोंड उघडलं नाहीस."

पुढच्या जोडप्यातला पुरुष खाकरला. पेरपेतुआनं वहीत सात नंबरपुढचं नाव खोडलं, त्या दोघांना आत धाडलं, आणि वाढप्याला सांगितलं की भिंतीकडची खुर्ची बाईंना दे.

रेस्टी फाटकाबाहेर गेली. कुंपणापलीकडं तिचा आवाज ऐकू येत होता, चाचरत. "गेस्टहाऊस नाहीये, एडगर. कधीच नव्हतं. ती इथंच काम करते, मी लहान असल्यापासून..." मग आत जनरेटर सुरू झाला आणि पुढचं बुडालं. पेरपेतुआनं तीन जोडपी आत सोडली. एका बाईनं विचारलं, झाडाखालचं टेबल मिळेल का. "डोक्यावर पक्षी चालणार असतील तर घ्या," असं ती इतकं करवादून म्हणाली की बाई दचकलीच.

थोड्या वेळानं रेस्टी परत फाटकाशी आली. चपला हातात होत्या.

"आम्ही वांदेगेयाला जातोय, रस्त्यावरचं चिकन खायला. तो चिडलाय माझ्यावर. त्याच्या घरी सगळ्यांना मीच खरं सांगायचं म्हणतो, तुला नाही सांगायला लावणार म्हणतो." तिनं तळपायाची खडी झटकली. "मी रविवारी येऊ?"

"ये," पेरपेतुआ म्हणाली. "एकटी ये. अननस-बिननस आणू नकोस. माझं अजून बोलून झालेलं नाही, आणि मी ओरडणार आहे, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं."

रेस्टीनं मान हलवली. पेरपेतुआनं पुढच्या माणसाला नाव विचारलं.